पाटाचा घोट

लिमनारा गावात पाटकरी नेमण्याचा एकच नियम होता. ज्याच्या नावावर झऱ्याखाली वीतभरही जमीन नाही, त्यालाच नेमायचं. जमीनवाला कितीही भला असला तरी पाणी सोडताना त्याची नजर आधी स्वतःच्या वाफ्याकडे जाणार, हे गावानं फार पूर्वीच ओळखलं होतं. राईफला जमीन नव्हती. त्याच्या बापाला नव्हती, आजालाही नव्हती. त्यामुळे तीन पिढ्या गावचं पाणी याच घराच्या हातात होतं. वसंतात सगळे बागवाले जमायचे, ख्रिस्ती आणि मुसलमान, आणि कोणीतरी म्हणायचं, "याच्यापेक्षा फाटका कोणी आहे का गावात? नाही ना? मग राईफच." सगळे हसायचे, राईफही हसायचा. वर्षाच्या कामाबद्दल त्याला प्रत्येक बागेतून पीक निघेल तेव्हा एकेक टोपली मिळायची. लिंबाची, चवळीची, वांग्याची. त्यावर त्याचं आणि बायकोचं, एमेतेचं, भागायचं.

गावात चाळीस घरं ख्रिस्त्यांची, वीस मुसलमानांची. झरा वर डोंगराच्या कुशीत. तिथून पांढऱ्या भुसभुशीत मातीतून अर्ध्या तासाच्या चालीएवढा लांब पाट खाली यायचा आणि मग दोन्ही अंगांना बागा सुरू व्हायच्या. उजवीकडे बहुतेक ख्रिस्त्यांच्या, डावीकडे बहुतेक मुसलमानांच्या. पाळी दहा दिवसांनी फिरायची. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, सावली होती. ज्याची पाळी त्यानं उन्हात उभं राहायचं आणि आपली सावली आपल्याच पावलांनी मोजायची. उंच माणसाची सावली लांब, पण त्याचं पाऊलही लांब. बुटक्याची सावली आखूड, पाऊलही आखूड. त्यामुळे आकडा सगळ्यांचा सारखाच यायचा.

राईफला बापानं सावली शिकवली तशी आणखी एक गोष्ट शिकवली होती. झऱ्यातून जेवढं पाणी निघतं तेवढं बागेत पोचत नाही. मधली पांढरी माती आधी आपला वाटा पिऊन घेते. पाणी जास्त असो वा कमी, तिची तहान तेवढीच. बाप त्याला पाटाचा घोट म्हणायचा. झऱ्याचं सगळं पाणी एकदम सोडलं तर घोट जाऊनही पुष्कळ उरतं, म्हणून पाणी नेहमी एकाच धारेनं चालवायचं आणि वाटायचं ते दिवसांनी. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

१९५८ च्या उन्हाळ्यात शहरात माणसं मारली गेली. बेटावर तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. ख्रिस्त्यांना इंग्रज जायला हवा होता आणि बेट ग्रीसला जोडायला हवं होतं. मुसलमानांना बेटाचे दोन तुकडे हवे होते, एक तुर्कस्तानचा. इंग्रजाला लष्करी तळ हवा होता, आणि तो कुणालाच नाही म्हणत नव्हता, कुणालाच हो म्हणत नव्हता. ख्रिस्त्यांच्या कॉफीखान्यात अथेन्सचा रेडिओ लागायचा, मुसलमानांच्या कॉफीखान्यात अंकाराचा. लंडनचा दोन्हीकडे लागायचा, शिव्या द्यायला. जुलैत बगदादचा राजा मारला गेला आणि इंग्रजांची विमानं डोक्यावरून पूर्वेकडे जायला लागली. त्या दिवशी पिएरिस पाटावर राईफजवळ बसून वर बघत होता. त्याची लिंबाची बाग उजव्या अंगाला अगदी शेवटी होती. तिशी-चाळिशीतली झाडं, बापानं लावलेली. इकडे ख्रिस्ती असो की मुसलमान, जिवाभावाच्या माणसाला 'कुंबारे' म्हणूनच हाक मारतात, आणि हे दोघं पोरवयापासून एकमेकांचे कुंबारे होते.

"कुंबारे, हे कुणाला मारायला चाललेत?" राईफनं विचारलं.

"कुणाला का मारेनात. अमेरिकेला आपल्या डोंगरावर बसून रशियाच्या घरातलं ऐकायचंय, इंग्रजाला आपल्या अंगणातून अरबांवर विमानं सोडायचीत, आणि आपण त्यांना म्हणतोय, जरा सरका, आम्हाला स्वतंत्र व्हायचंय." पिएरिसनं खडा पाण्यात टाकला. "आपलं बेट म्हणजे बसस्टँडवरचं बाकडं झालंय. जो तो येतो आणि टेकतो."

"मग इंग्रज गेल्यावर तरी बाकडं रिकामं राहील?"

पिएरिसनं आणखी एक खडा पाण्यात टाकला. ते त्यांचं पाटावरचं शेवटचं मोकळं बसणं ठरलं. आठवडाभरात दोन्ही बाजूंना आपापल्या गुप्त संघटनेकडून सांगावा आला: दुसऱ्याशी व्यवहार बंद. मुसलमानांच्या बाजूला सांगावा आणणारा कादिर होता, तिशीतला शिंपी, शहरातून शिकून आलेला. ख्रिस्त्यांच्या बाजूला कोण होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी नाव घेत नव्हतं.

पहिला प्रश्न पाण्याचाच आला. ख्रिस्त्यांनी म्हटलं, आमचं पाणी मुसलमान पाटकऱ्याच्या हातात कसं? मुसलमानांनी म्हटलं, उद्या हे झऱ्यावर बंदुका घेऊन बसले तर? आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दोन्ही कॉफीखान्यांचं एकमत झालं की झरा वाटून टाकावा. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटची दुतोंडी बांधायची, डावा पाट निराळा खणायचा, तोंडं घरांच्या हिशेबानं, दोनास एक. पाळीही नको आणि पाटकरीही नको.

जिल्ह्याचा इंग्रज साहेब अर्ध्या चड्डीत मोजपट्टी घेऊन आला. त्यानं झऱ्याच्या तोंडाशी पाणी मोजलं, कागदावर आकडे मांडले आणि दुभाष्याकरवी सांगितलं की दोन्हीकडच्या झाडांना पुरून उरेल. दोन वस्त्या भांडण न करता वेगळ्या होताहेत हे त्याला इतकं आवडलं होतं की त्यानं फोटोही काढून घेतला. राईफ पुढं झाला. पाणी झऱ्याच्या तोंडाशी नाही, बागेच्या तोंडाशी मोजा, असं त्यानं सांगितलं. घोटाची गोष्ट सांगितली. आता एक पाट आहे तर एकदाच घोट जातो, दोन केले तर दोनदा जाईल, आणि धार बारीक झाल्यावर उरेल काय? दुभाष्यानं त्यातलं किती सांगितलं कुणास ठाऊक. साहेब म्हणाला, पाटालाही सिमेंट लावू, पुढच्या वर्षी. या वर्षी दुतोंडीपुरतंच आलंय.

कादिर हसला. "राईफमामा, पाट कोरडा पडेल की तुझ्या टोपल्या रिकाम्या पडतील? नीट विचार करून सांग."

लोक हसले. राईफनं ख्रिस्त्यांच्या घोळक्याकडे बघितलं. तिथंही कोणीतरी तेच ग्रीकमध्ये बोललं होतं, कारण तिथलं हसू जरा मागाहून आलं. पिएरिस हसत नव्हता, पण खाली मान घालून बुटानं माती उकरत होता.

तो दिवस राईफला फार लागला. ज्याला काही नाही त्याला नेमायचं, ही गावाचीच अक्कल. आणि आता त्याच्यापाशी जी एक गोष्ट होती ती जात होती, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन राहिलं नव्हतं. घरी आल्यावर एमेतेनं त्याच्यापुढं पाव आणि हल्लूमी चीजचा तुकडा ठेवला. तो जेवला नाही.

"अहो, तुम्ही खरं सांगितलंत ना?" ती म्हणाली.

"खरंच सांगितलं."

"टोपल्यांचं मनात नव्हतं?"

त्यानं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "होतं. तेही होतं."

दुतोंडी बांधून झाली. पहिले चार दिवस दोन्हीकडे आनंद होता. माणसं वर जाऊन आपापलं तोंड बघून यायची. मग उन्हं तापली. उजव्या पाटाचं पाणी निम्म्या बागांपर्यंत येऊन थांबायला लागलं. डावीकडचं तर पहिल्या तीन-चार वाफ्यांतच संपायचं. डाव्या अंगाला शेवटी हव्वा नावाच्या म्हाताऱ्या विधवेची डाळिंबं होती, तिच्याकडे ओल पोचलीच नाही. इकडे पिएरिसच्या लिंबांची पानं कडेनं वळायला लागली. खरं तर लोकांनी आता राईफचं बोलणं आठवायला हवं होतं. पण झालं भलतंच. आपला पाट कोरडा दिसला की ख्रिस्ती म्हणायचे, तुर्कांनी रात्रीतून त्यांचं तोंड रुंद केलं. मुसलमान म्हणायचे, रूमांनी, म्हणजे ख्रिस्त्यांनी, वर कुठंतरी चर फोडला. दोरी घेऊन रोज दोन्ही तोंडं मोजली जायची आणि रोज ती जशीच्या तशी भरायची, तरी संशय जाईना. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुतोंडीवर दोन माणसं बसायला लागली, उजवीकडे एक, डावीकडे एक. दोघांच्या मांडीवर शिकारीच्या बंदुका. उजवीकडे पाळीपाळीनं पिएरिसही बसायचा. डावीकडे बहुधा कादिर.

राईफनं तीन दिवस काहीच केलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि एमेतेला सांगितलं की समुद्रकाठच्या इंग्रजी तळावर नळ टाकायला माणसं घेताहेत, आपण तिकडे नाव देणार आहोत. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, गाव सोडणार? तो म्हणाला, गाव नाही, पाणी सोडणार. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं त्याची पिशवी भरून बाहेर आणली आणि दारापाशी ठेवली.

भर दुपारी तो आधी ख्रिस्त्यांच्या कॉफीखान्यात गेला. दोन महिन्यांत त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणारा तो पहिला मुसलमान. फाशांचा आवाज थांबला. त्यानं बसायला मागितलं नाही. उभ्यानंच सांगितलं:

"मी तळावर कामाला चाललोय. पाटकरी मी नाही, आणि पुन्हा नेमलंत तरी होणार नाही, एक लिंबूसुद्धा घेणार नाही. आता मला या पाण्यातून काहीच मिळायचं नाही. तेव्हा आता तरी ऐका. उद्या डावं तोंड बंद करून सगळं पाणी उजवीकडे सोडा. परवा उजवं बंद करून डावीकडे. दोन दिवस. त्यात तुमचं काही गेलं तर माझं घर जाळा."

कोणी विचारलं, आधी आमच्याकडे का? राईफ म्हणाला, आधी माझ्या माणसांकडे सोडा म्हटलं असतं तर तुम्ही परवाची वाट बघितली असती का? कोपऱ्यातून एकानं म्हटलं, म्हातारा उन्हानं फिरलाय. पण ते म्हणणारा एकटाच होता.

मग तो आपल्यांच्या कॉफीखान्यात गेला आणि तेच शब्द तुर्कीत बोलला. तिथं मात्र आग लागली. कादिर उठून त्याच्या तोंडासमोर आला. आपलं एक दिवसाचं पाणी रूमांना द्यायचं आणि उद्या ते परत देतील या भरवशावर बसायचं? हे सांगायला तुला कुणी पाठवलं, मामा? राईफनं त्याच्या बापाचं नाव घेतलं. तुझा बाप पाटावर पडला तेव्हा त्याला पाठीवर घालून पिएरिसनं आणलं होतं, एवढंच म्हणाला. कादिर म्हणाला, ते दिवस गेले. राईफ म्हणाला, दिवस गेले असतील, पाट तोच आहे. तेवढ्यात हव्वा म्हातारी रस्त्यावरून ओरडली. कॉफीखान्यात बायका येत नाहीत, म्हणून ती बाहेरच काठी टेकून उभी होती. "माझ्याकडे आज थेंब येत नाही. उद्याही आला नाही तर माझं काय नवीन जाणार आहे? सोडू दे त्याला."

कादिरनं डावं तोंड बंद करायला हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुतोंडीवर बसायला गेला नाही. त्याच्या जागी कुणीच गेलं नाही. राईफनं एकट्यानं दगडी फळी उचलून डाव्या तोंडात उभी केली आणि भोवती चिखल लिंपला.

पाणी उजव्या पाटात सगळं एकदम शिरलं. पांढरी माती थोडा वेळ फसफसली, घोट घेऊन झाला, आणि मग धार पुढं धावायला लागली. ती पहिल्या बागा ओलांडून, मधल्या बागा ओलांडून, ऊन चढायच्या आत पिएरिसच्या लिंबांच्या आळ्यांत जाऊन उभी राहिली. बागवाले काठाकाठानं तिच्याबरोबर चालत होते. पिएरिस दारं धरायला खाली वाकला तो दुपारपर्यंत सरळ झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राईफ वर गेला तेव्हा पिएरिस दुतोंडीवर बसलेला होता, बंदूक मांडीवर. फळी अजून डाव्या तोंडातच होती. पलीकडच्या उतारावर कादिर आणि चार-पाच माणसं उभी होती, आणि त्यांचेही हात रिकामे नव्हते.

राईफ येऊन शेजारच्या दगडावर बसला. पिशवी त्याच्याबरोबरच होती, दुपारची बस पकडायची होती.

"काल पाणी शेवटापर्यंत आलं?" त्यानं विचारलं.

"आलं. मुळांपर्यंत गेलं."

"महिनाभर दोन्ही तोंडं उघडी होती तेव्हा?"

"एकदाही नाही." पिएरिस त्याच्याकडे न बघता बोलत होता. "मला कळलंय, कुंबारे. पहिल्या तासातच कळलं. कळायला अवघड नाही ते. पण माझे लोक म्हणतात आणखी एक दिवस राहू दे, झाडं नुकती कुठं हिरवी दिसताहेत. आणि ही फळी मी माझ्या हातानं उचलली, तर आज संध्याकाळी माझ्या दारावर चिठ्ठी लागेल. तुला माहीत आहे कसली, गद्दाराला लावतात ती."

राईफनं पिशवी पायाशी ठेवली. सांगायचं ते सांगून झालं होतं. पलीकडे कादिरनं एक पाऊल खाली टाकलं.

पिएरिसनं खाली गावाकडे बघितलं, वर बघितलं. मग उठून पँट झटकली. "सकाळपासून कॉफी मिळाली नाही," तो जरा मोठ्यानं म्हणाला, म्हणजे उतारावरच्यांनाही ऐकू जाईल. "मी खाली जाऊन येतो. माझ्या मागं इथं कोण काय करतं ते मला दिसायचं नाही." बंदूक खांद्याला अडकवून तो उजव्या पायवाटेनं निघाला. वळणापर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

राईफनं फळी उचलली. ओली, जड होती. ती उजव्या तोंडात उभी करताना दुसरे दोन हात फळीला लागले. कादिर होता. फळी बसली तसा तोही तडक आपल्या पाण्यामागं खाली पळाला. त्या दिवशी हव्वाच्या डाळिंबांपर्यंत पाणी गेलं, असं राईफला पुढं एमेतेच्या निरोपातून कळलं. तोवर तो बसनं तळाकडे निघून गेला होता.

पुढं तसंच चालत राहिलं. दोन दिवस डावीकडचा पहारेकरी काही ना काही निमित्तानं घरी जायचा, एक दिवस उजवीकडचा. दोन्ही संघटनांच्या वरच्या लोकांना सांगितलं जायचं की आमचं तोंड आमच्या ताब्यात आहे, दुसऱ्याशी एक शब्द नाही. ते खरंच होतं, शब्द नव्हताच. जिल्ह्याच्या साहेबानं वर लिहून पाठवलं म्हणतात की लिमनाऱ्यात पाण्याची वाटणी यशस्वी झाली. ज्यानं ती थांबवली तो तळावर इंग्रज सोजिरांच्या न्हाणीघरांचे नळ टाकत होता.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत परदेशातल्या दोन शहरांत कराराचे कागद झाले. बेट स्वतंत्र होणार. ग्रीसलाही जोडायचं नाही, तुकडेही नाहीत, आणि इंग्रज, ग्रीस, तुर्कस्तान हे तिघे मिळून त्याच्या स्वातंत्र्याची हमी घेणार. इंग्रजाचे तळ इंग्रजाकडेच राहणार. तळावरच्या खानावळीत हे वाचून दाखवलं गेलं तेव्हा शेजारच्या कामगारानं राईफला विचारलं, हे चांगलं की वाईट? झऱ्याच्या तोंडावर तिघांचे हात आहेत आणि बाग आपली आहे, एवढं त्याला समजलं. पण रोज कोणी मरत नव्हतं, हेही त्याला समजत होतं.

स्वातंत्र्य आलं त्या ऑगस्टमध्ये पिएरिस बसनं तळाच्या फाटकापर्यंत आला. दोन वर्षांत ते भेटले नव्हते. त्यानं लिंबं आणली होती, पण राईफनं एकही घ्यायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून ती फाटकावरच्या शिपायाला दिली गेली. पिएरिस म्हणाला, आता लपाछपी पुरे, दोन्हीकडच्यांना पाटकरी हवाय आणि दोन्हीकडचे तुझंच नाव घेतात. कादिरसुद्धा. राईफ म्हणाला, मी शब्द दिलाय, होणार नाही म्हणून. पिएरिस म्हणाला, तो शब्द तू घाबरलेल्या गावाला दिला होतास. आता जे गाव मागतंय ते वेगळं आहे. शिवाय एमेतेनं मला पाठवलंय, नाही म्हटलंस तर तिला काय सांगू?

राईफ घरी आला. पण नेमणूक आता हात वर करून होत नव्हती. जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज होता आणि अर्जात जमात लिहायची होती. नव्या राज्यात नोकऱ्या सातास तीन या प्रमाणात वाटायच्या होत्या. कारकून भला माणूस होता, घाम पुसत म्हणाला, एकच जागा आहे, ती सातास तीन कशी करू? राईफ आणि बरोबर आलेला पिएरिस, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यानंच तोड काढली. पाळी दहा दिवसांची आहे ना? मग सात दिवस ख्रिस्ती पाटकरी, तीन दिवस मुसलमान.

बाहेर आल्यावर पिएरिस एवढा हसला की त्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. राईफला हसू आलं नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

तेव्हापासून तो दहातले तीन दिवस पाटकरी आहे. उरलेले सात दिवस एक ख्रिस्ती पोरगेलासा माणूस असतो, थेओक्लिस नावाचा, मन लावून करतो पण अजून हात बसलेला नाही. त्या सात दिवसांतही राईफ सकाळी वर जातो, दुतोंडीजवळच्या दगडावर बसतो आणि फळीला हात लावत नाही. परवा थेओक्लिसनं फळी बसवली आणि खालून पाणी झिरपायला लागलं. त्यानं राईफकडे बघितलं. राईफनं आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी आहे का, आणि मग हळूच सांगितलं, "चिखल खालच्या कडेला आधी लाव. वरचा मागाहून."